तात्पुरतं ताटाळं

गोल वस्तू उभी ठेवली की घरंगळते, हे कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. पदवी असली तर मात्र ते कळायला अडीच महिने लागतात. हे मी १९८६ साली टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या अडीच महिन्यांत माझी ताटं कुठे कुठे राहून आली हेही मला अजून पाठ आहे.

ताटांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे ही गोष्ट सांगतात तेव्हा ताटांना नेमकं वगळतात.

माझ्याकडे स्टीलचं एक ताटाळं होतं. अडीच फूट उंच. खाली ताटं उभी ठेवायला तारांचे खण, मध्ये वाट्या, वर पेले, कडेला पळ्या-झारे अडकवायला आकडे. पुण्याला रविवार पेठेतून घेतलेलं आणि विमानातून मांडीवर धरून आणलेलं. न्यूयॉर्कला कस्टमच्या माणसाने "हे काय?" म्हणून विचारलं. ह्यांनी "डिश रॅक" असं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे मिळतात." तेव्हा मी म्हणाले, "नॉट धिस." अमेरिकेच्या भूमीवर मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य, आणि आजही त्यात मला काही बदल करावासा वाटत नाही.

शुगर लँडच्या घरात ते भिंतीला लावताना खालच्या बाजूला टेलिफोनचा डबा आडवा आला. डबा हलवायचा तर कंपनीच्या माणसाला बोलवायला हवं होतं. ह्यांनी गराजमधून लाकडाचे दोन-दोन ठोकळे आणले, ताटाळ्याच्या खालच्या पट्टीमागे घातले आणि स्क्रू मारले. परिणामी ताटाळं वरून भिंतीला टेकलं आणि खालून तीन इंच पुढे आलं, निवृत्तीला आलेल्या हवालदारासारखं.

"अहो, हे तिरकं झालंय."

"तात्पुरतं आहे," हे म्हणाले.

हे तात्पुरतं आठ वर्षं चाललं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते दाखवत असे. "आमचे हे समुद्रात मनोरे उभे करतात, बरं का. घरातलं ताटाळं तेवढं बघा." पाहुणे हसत, हेही हसत. ह्यांचं नाव प्रल्हाद, आणि सोशीकपणा नावाप्रमाणेच होता.

मार्चमध्ये तेलाचे भाव पडले आणि त्यांच्याबरोबर ह्यांची नोकरीही पडली. तिथल्या महाराष्ट्र मंडळात आम्ही कुणालाच सांगितलं नाही. चार महिने हे टाय लावून सकाळी साडेसातला घराबाहेर पडत आणि लायब्ररीत जाऊन बसत. आमची दीपा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला वाटे, बाबांना नवीन ऑफिस मिळालं आहे आणि तिथे फार पुस्तकं आहेत. जुलैमध्ये ह्यांनी टाय काढला आणि जवळच्या रोझेनबर्ग गावातल्या एका दुकानात काम धरलं. दुकान मिस्टर अल्विन कुबेना यांचं. पशुखाद्य, खिळे, साखळ्या, पंप, कोंबड्यांची पिल्लं, सगळं एका छपराखाली. मालक पासष्टीचा, उजवा खांदा कामातून गेलेला, बोलणं इतकं थोडं की फोनवर लोकांना वाटे लाइन कट झाली.

त्यांच्या दुकानात सगळ्यांत जास्त खपायचे ते कुळवाचे तवे. ट्रॅक्टरच्या मागे जो कुळव असतो, त्याला पोलादाचे असे तवे लावलेले असतात. गोल, मध्ये खोलगट, कडेला धार, कुठला दहा पौंडांचा तर कुठला वीस. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, ह्याच्यावर थालीपीठ काय लागेल! दुकानात हे तवे जमिनीवर चळत रचून ठेवलेले असायचे. गिऱ्हाइकाला लागणारा तवा हमखास तळाशी. वरचे पंधरा उचलून बाजूला ठेवता ठेवताच कुबेनांचा खांदा गेला होता.

एके दिवशी ते ह्यांना म्हणाले, "तू इंजिनिअर ना? मग ह्याला रॅक कर."

मग त्यांनी त्या महिन्यातलं सगळ्यांत लांब भाषण केलं. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी दुकानात डीलर डे असतो, तवे बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येतो. त्याला रॅक आवडला तर ह्यांचं नशीब. नाही आवडला तर हंगाम संपल्यावर दुकानात दुसऱ्या माणसापुरतं काम नसतं. "आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "माझं गिऱ्हाईक एका हातात कॉफी घेऊन येतं. दुसऱ्या हातात हातमोजा. त्याला वाकायला लावू नकोस आणि वाचायला लावू नकोस."

घरी येऊन ह्यांनी मला हे सांगितलं. आमचं आधीच ठरलं होतं की ऑक्टोबरपर्यंत काही जमलं नाही तर पुण्याला परत जायचं. दीपाला सांगायचं राहिलं होतं. म्हणजे आमचा सगळा संसार आता कुळवाच्या तव्यांवर उभा होता, आणि तवे तर उभे राहायला तयार नव्हते.

ह्यांनी आयुष्यभर मेक्सिकोच्या आखातातले तेलविहिरींचे मनोरे आखले होते. वादळ, लाटा, वारा, भरकटलेलं जहाज येऊन आपटणं, सगळ्याचा हिशेब त्यात असायचा. ती सवय एका रात्रीत कशी जाणार? एकोणीस नकाशे झाले. पहिला रॅक तयार व्हायला तीन आठवडे लागले, आणि तो सगळ्या तव्यांहून जड झाला. दुकानाच्या दारातून तो आत जाईना. तिरका केला, आडवा केला, दाराची फळी काढली. शेवटी तो अंगणातच ठेवला. कुबेनांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "आता ह्याच्याभोवती दुकान कधी बांधतोस?"

दुसरा कुणी असता तर चिडला असता. ह्यांनी पाना मागितला आणि भर उन्हात रॅकचा एकेक बोल्ट काढायला सुरुवात केली. ह्युस्टनचा ऑगस्ट ज्याने काढला आहे त्यालाच ह्याचा अर्थ कळेल. मी थर्मासमधून ताक घेऊन गेले होते. कुबेना मला म्हणाले, "मॅम, मी पुष्कळ इंजिनिअर पाहिलेत. स्वतःचं काम स्वतः मोडणारा पहिल्यांदा पाहतोय." मी हसले. आतून मला बरं वाटलं होतं, पण हे मी ह्यांना पुढे पंधरा वर्षं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघरातल्या सिंकवर हात धूत होते. धुता धुता थांबले. पाणी वाहत राहिलं. हे ताटाळ्याकडे बघत होते.

ती नजर मला माहीत होती. "अजिबात नाही," मी म्हणाले.

"फक्त मापं घ्यायची आहेत."

"मापं भिंतीवर घ्या."

"भिंतीवर मोजायची व्हर्निअर पट्टी लागत नाही नीट. दोन दिवसांत परत लावतो, शरयू. तात्पुरतं."

आमच्या घरात तात्पुरतं म्हणजे किती, हे वर आलंच आहे. ताटाळं गराजमध्ये गेलं, ठोकळे कुठल्याशा खोक्यात गेले आणि माझ्या संसाराची फाळणी झाली. पेले बाथरूमच्या खिडकीत, वाट्या दीपाच्या जुन्या दप्तरात, आणि ताटं पाहुण्यांच्या न्हाणीघरात, कोरड्या टबमध्ये. जेवायच्या वेळी दीपा ओरडायची, "मॉम, डू आय गेट द प्लेट्स फ्रॉम द बाथटब?" खिडक्या उघड्या असायच्या. शेजारी काय समजत असतील ते समजत असतील.

ह्यांनी ताटाळं टेबलावर सरळ उभं करून त्याचं माप मिलिमीटरपर्यंत घेतलं. खणांमधलं अंतर, तारेची जाडी, सगळं वहीत उतरवलं. मग त्याचं चौपट मोठं भावंड तयार झालं. त्यासाठी हे वेल्डिंग शिकून आले, आणि आमच्या गराजमधून ठिणग्या उडू लागल्या. खरं सांगते, रॅक देखणा झाला होता. खणांतून सोळा तवे उभे, धारेच्या बाजूने ओळीत, एकमेकांना न लागता. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच दीपाने गराजचं दार उघडायचं बटण दाबलं.

दाराची मोटर घुरघुरली. जमीन जराशी थरथरली. कोपऱ्यातला तवा खणात एकदा पुढे आला, एकदा मागे गेला, जणू निघू की नको असं म्हणत, आणि मग निघाला. ड्राइव्हवे उतरला. रस्त्यावर आला. खोलगट तवा सरळ जात नाही, तो वळतो. आमची गल्ली पुढे बंद, गोल वळसा घेऊन परत येणारी. तव्याने तो वळसा इतका नेटका घेतला की मला क्षणभर वाटलं, हा आता घरी परत येतोय. पण तो समोरच्या मिसेस प्रुइट यांच्या टपालपेटीच्या खांबावर जाऊन आदळला. खांब मोडला. तवा तिथेच गोल गोल फिरत ठणठणत बसला, आणि अख्खी गल्ली बाहेर आली.

मिसेस प्रुइट आमच्या वसाहतीच्या असोसिएशनच्या चिटणीस होत्या. त्यांच्या आवारातल्या गवताची उंची त्या पट्टीने मोजत, आणि आमच्याही. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. कलम अमुक, पोटकलम तमुक, "निवासी आवारात शेतीची अवजारे ठेवणे व चालवणे". मला 'चालवणे' फार लागलं. कुणी चालवलं होतं? तो आपण होऊन चालला होता.

त्यात टपालपेटी हे सरकारी प्रकरण. नवी पेटी रस्त्यापासून किती उंच, किती आत, ह्याला नियम आहेत, असं पोस्टमनने सांगितलं. ह्यांचे डोळे चमकले. मी कपाळाला हात लावला. दोन दिवस तव्यांचं काम बाजूला पडलं आणि मिसेस प्रुइट यांच्या खांबाचे पाच नकाशे झाले. खांब उभा करून हे त्यांना म्हणाले, "आता ट्रक आदळला तरी पडणार नाही." बाईंनी खांब हलवून पाहिला. मग दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "वेल." पुढे असोसिएशनचं पत्र आलं नाही. ती वसाहत सोडून आम्हाला आता तीस वर्षं झाली. खांब अजून तसाच आहे असं ऐकते.

पण रॅक? ह्यांनी प्रत्येक खणाला एक खिट्टी लावली. कुबेनांनी डाव्या हातात कॉफी घेतली, उजव्या हातात मोजा घातला आणि खिट्टी काढायला गेले. कॉफी सांडली. "माझा माणूस ही खिट्टी उघडणार नाही," ते म्हणाले, "तो ती तोडेल." मग खिट्ट्या काढून पुढे दोन इंचांचा काठ लावला. आता तवा घरंगळत नव्हता, पण बाहेर काढायला उचलावा लागत होता. कुबेनांनी एक उचलला आणि खांदा धरून खतांच्या पोत्यांवर बसले. "हा माझा खांदा म्हणजे तुझी परीक्षा," ते म्हणाले. "तू नापास झालास. चल, कॉफी घे."

रॅक पुन्हा आमच्या गराजमध्ये आला. सप्टेंबर संपला. डीलर डेला दहा दिवस राहिले. हे जेवताना नुसतं ताट फिरवत बसत.

आणि अशा वेळी सुनेत्रा आली.

सुनेत्रा आणि चारुदत्त हे आमच्या मंडळातलं जोडपं. चारुदत्त ह्यांच्यासारखाच तेलातला. सुनेत्रा मला नवरात्रातल्या हळदीकुंकवाच्या याद्या करायला मदत करायला आली, हात धुवायला म्हणून पाहुण्यांच्या न्हाणीघरात गेली, आणि जरा उशिरानेच बाहेर आली. टबमध्ये माझी अठ्ठावीस ताटं उन्हात चमकत पडलेली. जाताना तिने माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळातल्याच विनीताचा फोन. "शरयू वहिनी, कळलं हो. वाईट वाटलं. पण पुण्याला आपली माणसं असतात. एक विचारू का? राग नका मानू. तुमचं ते डायनिंग टेबल नेणार नसाल तर कुणाला शब्द देऊ नका हं."

दुपारपर्यंत फ्रीजला तीन मागण्या आल्या. एकीने तर माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीबद्दल विचारलं. त्या काळी टेक्सासात कढीपत्त्याचं झाड म्हणजे काय होतं, हे आजच्या मुलींना कळायचं नाही. माणूस जिवंत असताना त्याच्या कढीपत्त्यावर डोळा ठेवावा?

मी ह्यांना म्हणाले, "लोक म्हणतायत आपण सामान बांधतोय. ताटं बघितली सुनेत्राने."

ह्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "खोटं कुठे म्हणतायत? आठ दिवसांनी बांधायचंच असेल."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. "ते आठ दिवसांनी बघू," मी म्हणाले. "शुक्रवारी माझ्या घरी हळदीकुंकू आहे. वीस बायका येणार आहेत. त्यांच्यासमोर माझं ताटाळं भिंतीवर पाहिजे, आणि त्यात ताटं पाहिजेत. मग शनिवारी तुमचं काय व्हायचं ते होऊ दे."

आता ऐका. शुक्रवारी सहाला बायका येणार. साडेपाचपर्यंत ह्यांना ठोकळेच सापडत नव्हते. पावणेसहाला सापडले. टेलिफोनचा डबा अजून तिथेच, त्यामुळे ताटाळं पूर्वीसारखंच लागलं, खालून पोट पुढे. मी साडीचा पदर खोचून टबमधली ताटं आणत होते आणि हे खणात लावत होते. दारात बेल वाजली. घाईघाईत ह्यांच्या हातून एक ताट खणात जवळजवळ फेकलंच गेलं. ते आपटून बाहेर यायला हवं होतं. ते आत गेलं, मागे घरंगळलं, ठण्ण वाजलं आणि शांत बसलं.

हे थांबले. ताट बाहेर ओढलं आणि सोडलं. ठण्ण. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. ठण्ण.

"अहो, बेल वाजतेय."

"शरयू," हे म्हणाले, "मी ताटाळं टेबलावर सरळ ठेवून मोजलं."

"मग?"

"ते आठ वर्षं सरळ नव्हतंच ना!"

मी दार उघडायला गेले. बायका आत आल्या, पैठण्या, गजरे, वेलदोड्याचा वास. आणि स्वयंपाकघरात हे स्टुलावर उभे, हातात दीपाच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोऱ्याने बांधलेली गाडीची किल्ली, आणि तोंडाने पुटपुटणं, "पावणेसहा... पावणेसहा अंश..." सगळ्या जागच्या जागी उभ्या. विनीताने सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्राने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सरळ लिहिलं होतं: प्रल्हाद भावजींच्या डोक्यावर परिणाम झाला.

दीपा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॉम, से समथिंग."

हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली.

"बायांनो, ऐका," मी म्हणाले. "ह्यांची नोकरी मार्चमध्ये गेली. आम्ही सांगितलं नाही, आम्हाला लाज वाटली. हे आता रोझेनबर्गच्या एका दुकानात काम करतात. तिथे ते कुळवाच्या तव्यांचं ताटाळं बनवतायत, आणि अडीच महिन्यांत त्यांनी ते तीनदा मोडून चौथ्यांदा उभं केलंय. मी त्यांना आठ वर्षं ह्या तिरक्या ताटाळ्यावरून हसतेय. ते कधी चिडले नाहीत. टेबल विकायचं नाही. कढीपत्ता तर नाहीच नाही."

सुनेत्राने हातातली पर्स खुर्चीवर ठेवली. "आमच्यांचीही गेली," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये. रोज सकाळी डबा घेऊन निघतात आणि पार्कात बसून खातात."

मागून आणखी एक आवाज आला, "आमच्यांना पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे." मग आणखी एक. वीस बायकांत सहा घरं निघाली. सहा घरांतले पुरुष टाय लावून ह्युस्टनभर कुठे कुठे बसत होते. एका लायब्ररीत बसले असते तर निदान पत्ते तरी खेळले असते.

विनीता हळूच म्हणाली, "मग टेबल राहू दे तुम्हालाच."

त्यावर जो हशा पिकला तो मी अजून विसरले नाही. ह्यांना मात्र त्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते स्टुलावरून उतरून गराजकडे पळाले होते. आम्हीही गेलो, दीपाने तेवढ्यात दिलेले कॉफीचे कप हातात घेऊनच. ह्यांनी रॅकचा काठ काढला, पुढच्या दोन पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवले, दोऱ्याने किल्ली लोंबती धरून कोन पाहिला, आणखी एक पातळ फळी सारली आणि मागे सरकले. तवा ठेवला. तो मागे घरंगळला. ठण्ण. पण हा आवाज मोठा होता, देवळातल्यासारखा.

"गिऱ्हाइकाच्या एका हातात कॉफी असते," हे म्हणाले, स्वतःशीच. मग वर पाहिलं. समोर सुनेत्रा, एका हातात कॉफीचा कप.

"वहिनी, जरा एक तवा काढता?"

"मी? पैठणी आहे हो भावजी."

दीपा धावत जाऊन ओव्हनचा हातमोजा घेऊन आली. सुनेत्राने तो मोकळ्या हातात घातला, तवा धरला आणि ओढला. तो सुळकन बाहेर आला. तिने परत लोटला. ठण्ण. कपातल्या कॉफीचा थेंब सांडला नाही. मग काय, प्रत्येकीला काढून बघायचा होता. पंधरा मिनिटं आमच्या गराजमध्ये पैठण्या आणि तवे आणि ठण्ण ठण्ण चाललं होतं. मी दीपाकडून कोयरी मागवली आणि तिथेच सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. विनीता म्हणाली, "ह्यालाही लावा," तेव्हा रॅकलाही लावलं. समोरच्या खिडकीत मिसेस प्रुइट पडदा बाजूला करून उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनीही केला.

शनिवारी दुकानात मी मागे उभी होते, बियाण्यांच्या पाकिटांपाशी. कुबेनांनी कॉफी घेतली, मोजा घातला, खांदा सैल सोडला आणि तवा काढला. परत ठेवला. पुन्हा काढला, ह्या वेळी मुद्दाम सगळ्यांत जड. चेहऱ्यावर काही नाही. पण परत ठेवताना त्यांनी हात आधीच सोडला, जसा माणूस ओळखीच्या घरी जाताना बेल वाजवत नाही. कंपनीचा माणूस ढोपरांवर बसून खाली पाहत होता. "हा उतार कुणी काढला?" त्याने विचारलं.

"इंजिनिअरला विचार," कुबेना म्हणाले.

ह्यांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "तात्पुरता होता. आठ वर्षं वापरून पाहिला."

त्या माणसाला वाटलं, आठ वर्षांची चाचणी. त्याने ते कागदावर लिहून घेतलं. पुढे ह्यांनी त्याच कंपनीसाठी एकोणीस वर्षं दुकानांचे रॅक आखले. तव्यांचे, साखळ्यांचे, करवतीच्या पात्यांचे. पहिल्याच महिन्यात मदतनीस म्हणून चारुदत्तला घेतलं. टेक्सासातून गाडीने जाताना कुठल्याही गावातलं दुकान दिसलं की हे थांबत, आत जात, एक तवा ओढून परत सोडत आणि बाहेर येत. काही विकत घेत नसत. मी गाडीत बसून ठण्ण ऐकायची वाट बघायची.

आता आम्ही टेक्सासातल्याच फ्रिस्कोला दीपाकडे असतो. गेल्या वर्षी तिने स्वयंपाकघर नवं केलं. ताटाळं कुठे लावायचं ह्यावर चर्चा झाली नाही, फक्त भिंत कुठली एवढंच विचारलं तिने. ठोकळे मी जपून ठेवले होते. तेही तिने काही न विचारता कारागिराच्या हातात दिले, आणि काय करायचं ते सांगितलं. तो भला माणूस. लावून झाल्यावर त्याने भिंतीवर लेझरची लाल रेघ पाडली आणि अस्वस्थ झाला. दीपाला म्हणाला, "मॅम, हे बरोबर सहा अंशांनी तिरकं आहे. मी फुकट सरळ करून देतो."

हे खिडकीशी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सत्याऐंशीचं वय. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, तरी मी चहाला चार हाका मारल्या तर एक ऐकू जाते. डोळे न उघडता ते म्हणाले,

"पावणेसहा."